दुपारची रात्र

लॅमिंग्टन रोडवरच्या त्या थिएटरात
ऑपरेटरच्या खोलीच्या भिंतीला दोन चौकोनी भोकं होती,
एक यंत्राचं, एक माणसाचं.
शनिवारी शाळा सुटली की मी माणसाच्या भोकाशी,
रिळाच्या पालथ्या डब्यावर उभी.

खोलीतला स्पीकर कायमचा बिघडलेला.
मॅनेजर बावडेकर म्हणायचे, पेडणेकर,
तुम्हाला ऐकून काय करायचंय?
कार्बनच्या कांड्या चरचरायच्या, यंत्र घरघरायचं,
आणि मी नाचगाण्यांचे सगळे इंग्रजी पिक्चर
मुके पाहिले.

म्हणून मला ओठ दिसले.
वरून लावलेला कॅमेरा, चाळीस बायकांचं एक फूल,
उमलतंय, मिटतंय,
आणि आबा माझ्या कानाशी:
"डावीकडची तिसरी बघ. तोंडान मोजता ती."
खरंच. गाणं नव्हतंच तिच्या तोंडात,
एक दोन तीन चार होतं,
आणि हसू, मोजणी चुकू न देता हसलेलं.
खाली काळी चकचकीत फरशी,
तिच्यात तीच बाई उलटी नाचणारी,
दोघींच्या पावलांमध्ये
पुसणाऱ्याच्या फडक्याची एक ओली रेघ राहून गेलेली.

घोड्यांच्या पिक्चरला याकूबही काम टाकून यायचा.
वाळवंटात रात्र, शेकोटी, निळा उजेड.
"ही रात नाय गो," आबा म्हणायचे, "दुपार आसा.
घोड्याची सावळी बघ, पोटाखाली जमली हा.
चांदणा असा डोक्यार येऊन भाजता काय?"
आणि मग दिसायचं मला
बाराच्या उन्हात, निळ्या काचेपलीकडे
घामाने निथळणारा शेरीफ
हात शेकत बसलेला.
लांबचा लाल डोंगर तर काचेवर रंगवलेला.
वावटळ सुटली, टोप्या उडाल्या, दुकानाची पाटी उडाली,
डोंगरावरचा ढग जागचा हलेना.
याकूब पोट धरून हसायचा.

उजव्या कोपऱ्यात ठिपका आला की
आबा वाक्य अर्धं टाकून दुसऱ्या यंत्राकडे.
कित्येक वाक्यं तशीच राहिली.

घोडा पडतो तिथे मात्र ते काही सांगत नसत.
नुसता माझ्या डोळ्यांवर हात ठेवायचे,
फिल्म जोडायच्या सिमेंटच्या वासाचा.
बोटांच्या फटीतून मी पाहिलंच एकदा:
पुढच्या पायाला एक रेघ,
केसाएवढी, ताणलेली.

आता मी मालाडला सातव्या मजल्यावर
तारा पुसते.
हिरो गच्चीवरून गच्चीवर उडतो,
त्याच्या कमरेच्या दोन तारा माझ्याकडे येतात,
सेकंदाला चोवीस वेळा.
पुसणं सोपं असतं.
तारेमागे काय होतं ते भरावं लागतं,
विटेचा तुकडा, आभाळाची चिंधी,
वाळत घातलेल्या कुणाच्या साडीचा काठ.
दिवसभरात जेमतेम दोन सेकंद होतात.

आबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदू काढलं त्या आठवड्यात
मी त्यांना घरी लॅपटॉपवर शॉट दाखवला,
आधीचा, नंतरचा.
काळा चष्मा कपाळावर सारून
त्यांनी तो अकरा वेळा पाहिला.
मी चहा ठेवायला उठले.
आतून विचारलं, कसा झालाय?

"तार बरी पुसलंस गो," ते म्हणाले.
"सावळी रवली."

शॉट मंगळवारीच गेला होता.
वरच्या साहेबांनी, दिग्दर्शकाने, सगळ्यांनी पास केलेला.
मी कुणाला कळवलं नाही.
पिक्चर लागलं तेव्हा दोघं जाऊन बसलो,
पहिल्यांदाच खाली, खुर्चीत, आवाजासकट.
हिरो उडाला. लोकांनी शिट्ट्या मारल्या.
आबांनी माझ्या मनगटाला हात लावला,
आणि पांढऱ्या भिंतीवर
केसाएवढी एक रेघ सरकत गेली,
कशाचीच नसलेली.